गच्चीवरची भाजी: माघ ते वैशाख काय काय करायचं

वसंत ऋतूतली बाग म्हणून मोबाईलवर जे व्हिडिओ येतात ना, बर्फ वितळला, आता मातीत हात घाला, सगळं पेरून टाका, ते आपल्यासाठी नाहीयेत हे आधी सांगते. आपल्याकडे वसंत म्हणजे आंब्याला मोहोर, पिंपळाला तांबूस कोवळी पानं, आणि त्याच आठवड्यात दुपारी गच्चीत अनवाणी गेलं की तळपाय भाजायला सुरुवात. मी पुण्यात तिसऱ्या मजल्याच्या वर, सोसायटीच्या गच्चीतल्या एका कोपऱ्यात गेली नऊ वर्षं भाजी लावतेय आणि पहिली तीन वर्षं मार्चच्या शेवटी मोठ्या उत्साहाने बिया पेरायचे, एप्रिलच्या मध्यावर सगळं करपलेलं बघून वैतागायचे. मग सासूबाईंनी (माहेर वाई, शेतीतलं घर) एकदाच सांगितलं, अगं पाडव्याच्या आत मुळं खाली गेली पाहिजेत, नंतर नुसतं जपायचं असतं. झालं, सगळं गणित तेवढंच आहे. ऊन चढायच्या आत रोपाची मुळं कुंडीच्या तळापर्यंत पोचली असली तर एप्रिल मे निघतो, नाहीतर कितीही पाणी घाला, रोप वरच्या वर उकडून जातं.

म्हणजे कामाला लागायचं कधी, तर संक्रांत झाली की. माती, बॅगा (कुंडीऐवजी वापरायच्या ग्रो बॅगा), मांडव हे सगळं जानेवारीच्या शेवटी, पेरणी फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे. त्याच्या आधी घाई करू नका, पुण्यात तेव्हा रात्री बऱ्यापैकी गार असतं आणि भेंडीला गार माती अजिबात चालत नाही, जानेवारीत पेरलेली भेंडी दहा बारा दिवस झाले तरी डोकं वर काढत नाही आणि अर्ध्या बिया कुजतात, तीच फेब्रुवारीच्या मध्यावर पेरली की पाचव्या सहाव्या दिवशी वर. मुंबई कोकणात थंडी नसतेच म्हणा, तिकडे संक्रांतीलाच पेरलं तरी चालतं. विदर्भवाल्यांनी मात्र अजिबात उशीर करू नये, तुमच्याकडे मार्चलाच भट्टी पेटते.

माती आणि पालापाचोळा

हिवाळ्यातली मेथी पालक वाटाणा काढून झाला की त्या बॅगांमधली माती फेकून देऊ नका. गच्चीत जुन्या चादरीवर पसरा, मुळं ढेकळं काढा, चार पाच दिवस कडक ऊन खाऊ द्या. हुमणीची पांढरी जाडी अळी दिसली तर काढून कावळ्यांना टाका, त्यांना फार आवडते. मग त्या मातीत साधारण तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि १५ इंची बॅगेला एक मूठ निंबोळी पेंड. बस. नवीन माती आणायची असेल तर लाल माती आणा, शेतातली काळी माती गच्चीत नको, ती पाण्याने चिकट होते, वाळली की भेगा पडतात आणि वजन किती ते उचलून बघाच. कोकोपीट घालायचं तर घाला, पाच किलोची वीट भिजली की साधारण सत्तर लिटर होते, पण ती आधी दोनदा भिजवून पाणी काढून टाका कारण त्यात खारटपणा असतो. आणि निम्म्याच्या वर नुसतं कोकोपीट नको. उन्हाळ्यात ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेतच नाही, कडेकडेने खाली निघून जातं आणि आपण बघतो तर बॅगेच्या खाली पाणी आलंय, वाटतं भरपूर झालं, आणि मधला गठ्ठा कोरडा ठणठणीत.

आता खरी लॉटरी. फेब्रुवारी मार्चमध्ये झाडं पानं गाळतात आणि सगळीकडे पाल्याचे ढीग लागतात, लोक ते जाळतात आणि आपण ऑनलाईन पैसे देऊन खत मागवतो. पिंपळ, बदाम, पर्जन्यवृक्ष, जे असेल ते पोत्यात भरून आणा. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना हवाय त्यांची गाठ घालून देतात. आमच्या सोसायटीत झाडणाऱ्या मावशींशी मी सरळ सौदा केलाय, पाला मला द्यायचा, त्या बदल्यात दर आठवड्याला भाजी. बॅगेचा खालचा तिसरा भाग मी पाय देऊन दाबलेल्या वाळक्या पानांनीच भरते, वर माती. वजन कमी होतं, तळाशी ओल टिकते, आणि जूनपर्यंत त्याची मातीच झालेली असते. उरलेली दोन पोती तशीच ठेवा, एप्रिलमध्ये सोन्यासारखी वाटतील.

बॅगा थेट फरशीवर ठेवू नका हां. दोन विटा आडव्या टाका आणि त्यावर ठेवा, किंवा लोखंडी स्टँड. एक तर फरशी इतकी तापते की तळाची मुळं भाजतात, आणि दुसरं म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली की पहिलं बोट तुमच्या बागेकडे जाणार. आमच्याकडे गेलं होतं. शेवटी गळत होता टाकीचा पाईप, पण मीटिंगमध्ये दोन तास भेंडीवर चर्चा झाली.

काय लावायचं, किती लावायचं

इथे बहुतेक लोक चुकतात आणि मी पण चुकले. सगळ्यातलं एक एक लावायचं नाही. भेंडीची दोन झाडं लावली की दिवसाआड तीन भेंड्या मिळतात, त्या तीन भेंड्यांचं करायचं काय, फ्रीजमध्ये जमवत बसायचं आणि चौथ्या दिवशी पहिल्या तीन लुळ्या. चार माणसांच्या घराला भेंडीची किमान आठ दहा झाडं हवीत, म्हणजे १२ इंची बॅगेत दोन दोन. गवार पण तशीच, दहा बारा झाडांच्या खाली भाजीपुरती निघत नाही. उलट दुधीचा एकच वेल पुरतो, अगदी पुरून उरतो, पण त्याला १८ इंची किंवा त्याहून मोठी बॅग द्या, मी जुना पंचवीस लिटरचा रंगाचा डबा दिला होता तर वेल मस्त वाढला आणि नेमका फळं धरायच्या वेळी दम तोडला. दोडका एक दोन, कारल्याचे दोन, काकडीचे तीन वेल.

पालेभाज्यांमध्ये लाल माठ हा उन्हाळ्याचा राजा. फळांचा क्रेट किंवा मासेवाल्याकडचा थर्माकोलचा खोका घ्या (दोन दिवस उन्हात ठेवा, वास जातो), सहा इंच माती, आणि बी इतकं बारीक असतं की त्यात चारपट वाळू मिसळून भुरभुरवा, वर नुसता मातीचा हात फिरवा. पंचवीस तीस दिवसांत भाजी. एकदम सगळं पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक क्रेट. मायाळूचा एक वेल कठड्याला लावून द्या, उन्हाळ्यात कोणी रुसलं तरी मायाळू रुसत नाही आणि पावसाळ्यात त्याची भजी आहेतच. अंबाडी, पुदिना, आळू पण चालतात, आळू मात्र बाथरूमच्या पाईपजवळच्या सावलीतच सुखी.

मेथी पालक आता सोडा. लावली तर येतात, पण चार पानं झाली की फुलावर जातात. मेथी हवीच असेल तर मुंबईत छोट्या जुड्यांनी मिळते ना, वाळूत वाढवलेली बारीक, तशी दाट पेरून दोन पानांवर मुळासकट उपटायची, दोन आठवड्यांत काम होतं. कोथिंबीर उन्हाळ्यात प्रत्येकाला हवी असते कारण बाजारात महाग होते, आणि प्रत्येकाची फसते. धणे अख्खे पेरू नका, चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन दाणे सुटे करा, रात्रभर पाण्यात, आणि क्रेट अशा जागी जिथे सकाळचं ऊन येतं आणि अकरानंतर सावली. एवढं केलं तरी हिवाळ्यासारखी येणार नाही, पोह्यांवर भुरभुरायला पुरेल.

टोमॅटोबद्दल मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. ऑक्टोबर नोव्हेंबरचे टोमॅटो असतील तर त्यांना सावली देऊन एप्रिलपर्यंत ओढा. मार्चमध्ये नवीन लावू नका, ऊन ३५ च्या पुढे गेलं आणि रात्री पण गरम व्हायला लागल्या की फुलं येतात आणि गळतात, येतात आणि गळतात. फळ धरलं तरी पाणी कमीजास्त झालं की बुड काळं पडतं. वांग्याचं जुनं झाड मात्र काढू नका, मार्चमध्ये जमिनीपासून नऊ दहा इंच ठेवून बाकी सगळं छाटा, कंपोस्ट घाला, नवीन फुटवे येतात आणि त्याच झाडाला परत वांगी. मिरची पण हलकीशी छाटली तर वर्षभर चालते.

बियाणं घेताना पाकिटावरची तारीख बघा, दुकानात दोन दोन वर्षं उन्हात लटकलेली पाकिटं असतात. मी शक्यतो आपल्या कृषी विद्यापीठांचे सरळ वाण घेते, म्हणजे बी धरता येतं. भेंडीत परभणी क्रांती जुनी आणि विश्वासाची, केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला, बऱ्यापैकी टिकते. काकडीत हिमांगी किंवा फुले शुभांगी, राहुरीच्या. गवारीत पुसा नवबहार. माठात दापोलीची कोकण दुरंगी मिळाली तर जरूर लावून बघा.

पेरताना बीजाच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून जास्त नको. भेंडी रात्रभर भिजवा. कारल्याचं बी चिवट असतं, टोकाला नेलकटरने किंचित टवका काढा, चोवीस तास भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवा जिथे ऊब असते, मोड आला की मातीत. वेलवर्गीय सगळे थेट मोठ्या बॅगेतच लावा, छोट्या कपात रोप करून मग हलवायला गेलात तर मुळं दुखावतात आणि आठवडाभर रुसून बसतात. एका जागी तीन बिया, आणि मग दोन पानं झाली की त्यातलं सगळ्यात दणकट ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. इथे सगळ्यांचा जीव खालीवर होतो, मला माहितीये, माझाही होतो, पण एका बॅगेत तीन दुधी ठेवले की तिन्ही उपाशी राहतात.

आणि कबुतरं. उगवलेले कोंब ती अशी निवडून खातात जसं काही आपण त्यांच्यासाठीच वाढलंय. जुनी पिठाची चाळणी, पालथा क्रेट, पंख्याची जुनी जाळी, काहीही पालथं घाला पहिले पंधरा दिवस. सीडी लटकवणं वगैरे दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी ती त्याच दोरीवर बसतात.

होळी ते पाडवा

होळी जळाली थंडी पळाली म्हणतात आणि खरंच या दोन आठवड्यांत बाग डोळ्यांसमोर बदलते. रोज वेल हातभर वाढतो. मांडव आधीच बांधून ठेवा, वेल लोळायला लागल्यावर काठ्या शोधत फिरू नका. मी चार बांबू चार मोठ्या बॅगांमध्ये रोवून वर सुतळीची जाळी विणते, डोक्याच्या थोडी वर, म्हणजे खाली वाकून जायला नको आणि त्या मांडवाच्याच सावलीत कोथिंबीर, आळू, पुदिना ठेवता येतो.

होळीची राख बागेत घालायची का, तर घरच्या छोट्या होळीची, नुसत्या लाकडाची आणि शेणाच्या गोवऱ्यांची असेल तर एक दोन चमचे प्रत्येक बॅगेला चालते, पालाश मिळतं. पण चौकातल्या होळीची आणू नका, त्यात रंग दिलेली फळकुटं, टायर, काय काय असतं. आणि मूठ मूठ टाकू नका, राख अल्कधर्मी असते. रंगपंचमीच्या बादल्या कुंड्यांमध्ये ओतल्या जाणार नाहीत एवढं पोरांवर लक्ष ठेवा.

दुधीचा मुख्य वेल पाच सहा फुटांचा झाला की शेंडा खुडा. जिवावर येतं पण खुडाच, बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्या फांद्यांवर जास्त येतात. आता दर वर्षीचा प्रश्न, फुलं आली पण फळ धरत नाही, सगळी गळतायत. अहो, आधी नर फुलंच येतात, आठ दहा दिवस नुसती नर, त्यांनी गळायचंच असतं. मादी फूल ओळखायला सोपं, फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, दुधीला बोटाच्या पेराएवढा लव असलेला दुधी, काकडीला काटेरी चिमुकली काकडी. ते पिवळं पडून गळलं तर परागीभवन झालं नाही असं समजा, आणि तिसऱ्या चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमीच येतात त्यामुळे हे होतंच.

मग हाताने करायचं. पण वेळ बघा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांचं काम सकाळी नऊच्या आत. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. सुरुवातीला मी सकाळी ब्रश घेऊन दुधीच्या मिटलेल्या मलूल फुलांपुढे उभी राहायचे. आता संध्याकाळी सातला, दिवेलागण झाली की मोबाईलचा टॉर्च लावून जाते, अंधारात दुधीची पांढरी फुलं लांबूनच दिसतात, कागदासारखी पातळ, जरा चुरगळलेली. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवून काढून टाकायच्या, मधला दांडा बोटाला लावून बघायचा, पिवळी पूड लागली म्हणजे पराग तयार. मग मादी फुलाच्या मधल्या जाडसर भागावर, तो तीन कप्प्यांचा असतो, सगळीकडून हलक्या हाताने टेकवायचं. चोळायचं नाही. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. दोन दिवसांनी बघा, तो लव असलेला दुधी खाली झुकलेला आणि चकचकीत हिरवा असेल तर जमलं.

पाणी

सगळ्यात जास्त झाडं पाण्याने मरतात, आणि उन्हाळ्यात सुद्धा कमी पाण्याने नाही तर चुकीच्या पाण्याने. दुपारी दोनला गच्चीत गेलात तर दुधी, काकडी, भोपळा यांची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबलेली असतात. मी पहिल्या वर्षी घाबरून रोज दुपारी बादलीभर पाणी ओतायचे, तेही टाकीच्या तापलेल्या पाईपचं. दहा दिवसांत वेल बुडापासून पिवळा, उपटला तर मुळं तपकिरी आणि कुजका वास. पानं तशी पडतात ती वेलाने स्वतःला वाचवायला, मोठं पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळं त्या क्षणी ओढू शकत नाहीत, एवढंच. संध्याकाळी सहाला परत जाऊन बघा, पानं ताठ झाली असतील तर त्याला काही नको होतं. सकाळी सातला सुद्धा लोंबलेलीच असतील तर मात्र तहान आहे, किंवा मुळाशी काहीतरी गडबड आहे.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. गार आणि ओलसर लागलं, थांबा. कोरडं लागलं, पाणी. ते पण सकाळी लवकर, आठच्या आत, आणि थोडं थोडं शिंपडून नाही तर बॅगेच्या तळातून थेंब येईपर्यंत सावकाश. वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि वरच सगळ्यात जास्त तापतं, म्हणजे आपणच पाडव्याच्या आधीची सगळी मेहनत वाया घालवतो. एप्रिलमध्ये मोठ्या वेलांना संध्याकाळी दुसरं पाणी लागतं. पाईप वापरत असाल तर आधीचं गरम पाणी बादलीत जाऊ द्या.

पाच दिवस गावाला जायचं असेल तर मडकं. बिनरंगाचं, आतून बाहेरून ग्लेझ नसलेलं छोटं मातीचं मडकं किंवा बोळकं, मोठ्या बॅगेत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकणी. पाणी पाझरत राहतं आणि मुळं मडक्याला येऊन मिठी मारतात. पण हे जायच्या आदल्या दिवशी नाही तर बी लावतानाच पुरा, नंतर खणून मुळं तोडू नका. सलाईनच्या नळ्यांचे प्रयोग मी पण केले, दोन दिवसांत चोंदतात.

तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. आरओचं टाकाऊ पाणी रोज तेच तेच घालू नका, क्षार साठतात, मातीवर पांढरी साय धरायला लागली की समजा. आठवड्यात एक दोनदा ठीक.

आणि आता ती पाल्याची पोती काढा. प्रत्येक बॅगेत मातीवर तीन इंच जाड थर, बुंध्याला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा. विश्वास बसत नसेल तर एक बॅग उघडी ठेवा आणि दुपारी दोन्हीत हात घालून बघा, मी जावेला असंच दाखवलं होतं, उघड्या मातीवरून तिने हात झटकन मागे घेतला. पश्चिमेकडच्या काळ्या बॅगांना बाहेरून गोणपाट गुंडाळा.

सावलीला हिरवी नेट ५० टक्क्यांची पुरे, ७५ ची घेऊ नका, सगळं लांबट आणि फिकं होतं. पण खरं सांगू का, मी जुन्या सुती साड्या वापरते. आमच्या गच्चीत एप्रिलमध्ये आईची अबोली रंगाची इरकल आडवी बांधलेली असते. फक्त दुपारी बारा ते चार एवढं आडोसा आणि तोही पश्चिमेकडून, भेंडी गवारीला त्याची पण गरज नसते. झाडाच्या डोक्यावर टेकवून बांधू नका, दोन हात वर, वारा खेळला पाहिजे.

कीड

जास्त लिहीत नाही कारण खरं औषध एकच आहे, रोज सकाळी चहाचा कप घेऊन पानं उलटून बघणं. सगळे उद्योग पानाखाली चालतात. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसायला लागल्या तर तो केवडा, पांढरी माशी पसरवते, त्याला औषध नाही, झाड उपटून सोसायटीच्या कचऱ्यात, कंपोस्टमध्ये पण नको. जीव कळवळतो पण एकासाठी आठ घालवू नका. पिवळे चिकट कार्ड झाडाच्या उंचीवर लावून ठेवा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी अर्क, ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी पिळून गाळून, चिमूटभर साबणाचा चुरा, आणि संध्याकाळीच फवारायचं, उन्हात फवारलं तर पानं भाजतात. निंबोळ्या नसतील तर कडुलिंबाचं तेल लिटरला पाच मिली. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला की जुन्या टूथब्रशने. एप्रिलच्या कोरड्या हवेत पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी, त्याला आधी नुसता पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून द्या, तीन चार दिवस सलग, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. फेब्रुवारीच्या गार रात्रींमध्ये काकडीच्या पानावर पीठ सांडल्यासारखी भुरी येते, आंबट ताक दहापट पाण्यात घालून सुरुवातीलाच फवारलं तर आटोक्यात राहते. दोडक्या कारल्याला फळमाशी डंख मारते, फळ वाकडं होतं आणि आत अळ्या, त्यासाठी क्यू ल्युरचा (नर माश्यांना वासाने ओढणारं आमिष) सापळा एक आणून टांगा आणि कोवळ्या फळांना कागदाची पिशवी.

खत दर पंधरा दिवसांनी. माझं ठरलेलं म्हणजे शेंगदाणा पेंड मूठभर पाच लिटर पाण्यात तीन दिवस, वास येतो, शेजारी बोलतात, मग त्यात अजून तितकंच पाणी घालून बॅगेला मगभर. शेण गोमूत्र मिळत असेल तर जीवामृत, दहा लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती, सावलीत दोन तीन दिवस रोज ढवळत, आणि मग दहापट पाण्यात. केळीच्या सालीचं पाणी वगैरे जे चालू असतं त्याने माझ्या बागेत तरी चिलटं सोडून काही वाढलं नाही, साली कंपोस्टमध्ये टाका.

भेंडी दिवसाआड काढायचीच, खायची नसेल तरी. दोन दिवस विसरलात तर जून होते, आणि झाडाला वाटतं आपलं काम झालं, फुलं कमी होतात. टोक वाकवून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी. काढताना सुरी वापरा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, भेंडीची लव हाताला खाजते.

वळीव आणि पुढचं

एप्रिलच्या शेवटी नाहीतर मे मध्ये एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं, धूळ उडते आणि वळीव कोसळतो. तो येतो तेव्हा साडी आणि नेट शिडासारखी फुगते आणि मांडव घेऊन जाते, म्हणून एक बाजू सरकफाशाची ठेवा, एका झटक्यात सुटली पाहिजे. गारा पडल्या तर काही करता येत नाही, फाटकी पानं लगेच कापू नका, आठवडाभर थांबा, बहुतेक वेल सावरतात. पावसानंतर बॅगांची खालची भोकं काडीने मोकळी करा आणि बुंध्याजवळचं आच्छादन जरा बाजूला सारा.

अक्षय्य तृतीयेला आळी घालायची आपल्याकडे पद्धत आहेच, त्या सुमाराला मी एका खोल क्रेटमध्ये हळद आणि एकात आलं लावते, डोळे फुगलेले गड्डे बघून, दोन इंच खोल, सावलीत, आणि पाऊस येईपर्यंत नुसतं ओलसर ठेवते. लाल माठाची शेवटची पेरणी पण तेव्हाच.

आणि बी धरायचं. भेंडीच्या सगळ्यात निरोगी झाडावरच्या मधल्या दोन शेंगांना लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही, आणि झाडावरच तपकिरी होऊन तडकायला लागेपर्यंत राहू द्या. दोडका वेलावरच इतका वाळवा की हलवल्यावर खुळखुळला पाहिजे, आतलं बी काढून घ्या आणि उरलेली जाळी अंग घासायला. हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. बी दोन दिवस सावलीत वाळवून, चाळलेली राख लावून काचेच्या बरणीत, आणि बरणीवर नाव आणि वर्ष त्याच दिवशी लिहा, उद्या लिहू म्हणू नका. माझ्याकडे सध्या तीन बरण्या अशा आहेत की त्यात काकडी आहे का खरबूज ते उगवल्यावरच कळणारे.